काशाची वाटी आणि अकरा हजारांची रेकी

आक्का, नमस्कार. मी मूळची जत तालुक्यातली. सांगलीत विश्रामबागेत कॉट बेसिसवर राहते, एमएस्सी केमिस्ट्रीचं दुसरं वर्ष. परीक्षेला सहा आठवडे उरलेत, प्रोजेक्टचं सबमिशन त्याच्याही आधी. गेले दोन महिने मान आणि खांदे दगडासारखे झालेत. रात्री दोन-अडीचपर्यंत झोप येत नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं. मेसचं जेवण जात नाही, चहावर दिवस निघतो. कधी कधी वाटतं सकाळ झालीच नाही तर बरं होईल, पण ते जाऊ दे. माझी मैत्रीण रेकीला जाते, म्हणजे अंगावर हात धरून ऊर्जा देतात म्हणे, तिला खूप फरक पडला. तिच्यासोबत एकदा मी पण गेले. खरंच बरं वाटलं, त्या रात्री झोपले पण. तिथल्या मॅडम म्हणाल्या, तुझं हृदयचक्र बंद आहे, पहिली आणि दुसरी डिग्री करून घे, अकरा हजार. रूममेट म्हणते त्यापेक्षा प्रदर्शनात काशाच्या थाळीचं मशीन आलंय, तळपाय काळे होतात, अंगातली उष्णता निघून जाते. वर्गातला एक जण फूट रिफ्लेक्सॉलॉजी, म्हणजे तळपायाचे बिंदू दाबून घेणं, सुचवतो. वडील म्हणतात ही सगळी थेरं. आई म्हणते गावाकडं ये, तेल लावून देते. यंदा डाळिंबावर तेल्या रोग आलाय, अकरा हजार मागायचे तरी कसे? यातलं खरं काय, आणि परीक्षेपर्यंत मी काय करू?
— एक विद्यार्थिनी, सांगली

पोरी,

पत्राच्या मधोमध एक वाक्य लिहिलंस आणि लगेच 'ते जाऊ दे' म्हणालीस. मी ते जाऊ देणार नाही. मिरजेत तीस वर्षं फिजिओथेरपी केली. माणसं गुडघा दाखवायला येतात, अर्धा तास गुडघ्याबद्दलच बोलतात आणि दाराशी चप्पल घालता घालता खरं काय ते सांगतात. तुझं ते वाक्य मला तसंच वाटलं. तेव्हा रेकी, काशाची थाळी, तेल सगळं थोडं बाजूला ठेवू.

'सकाळ झालीच नाही तर बरं' याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे, मी इतकी दमलेय की उद्याचा दिवस नको. दुसरा म्हणजे, जगणंच नको. तुझा कुठला, ते मला इथून दिसत नाही, म्हणून सरळ विचारते: मरणाचे विचार येतात का? असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही. विचारलं नाही तर मात्र आतलं आतच राहतं. उत्तर 'हो' असेल, एकदाच आला असेल तरी, तर पुढचं वाचायचं थांब आणि रूममेटला सांग. झोपली असेल तर उठव. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री अडीचलाही लागतो आणि मराठीत बोलता येतं. सांगलीच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढायचा, ओपीडीत नंबर लावून बसायचं, डोळे तपासायला जातो तसं. विचार फार जवळ आलाय असं वाटलं तर त्या रात्री एकटी राहू नकोस, कुणाला तरी सोबत घेऊन थेट सिव्हिलची कॅज्युअल्टी गाठ.

आणि उत्तर 'नाही आक्का, नुसती दमलेय' असं असलं तरी त्या नंबरवर फोन कर. दोन महिने झोप नाही, जेवण नाही, धडधड, एवढं कारण पुरतं. दाढ दुखायला लागली की ती पडेपर्यंत आपण थांबत नाही ना?

दुसरी गोष्ट, धडधडीवर कुणाचा हात फिरवून घेण्याआधी रक्त तपास. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड. देशभर जी कुटुंब आरोग्याची पाहणी होते, तिच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. मेसचं ताट सोडून चहावर जगणारी पोरगी त्यांत नसेल असं मी कशी धरून चालू? जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही आणि संध्याकाळनंतरचा चहा झोप लागू देत नाही. टॅनिन आणि कॅफीन म्हणजे काय, ते केमिस्ट्रीवालीला मी काय सांगायचं.

आता हातांकडं येऊ.

तुझ्या मैत्रिणीला फरक पडला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तुला त्या रात्री झोप लागली, तीही खरीच. वडील 'थेरं' म्हणाले म्हणून तो अनुभव खोटा ठरत नाही. प्रश्न एवढाच की फरक कशानं पडला.

ती खोली आठव. मंद उजेड असेल, उदबत्ती असेल, मोबाइल पर्समध्ये. तू पाऊण तास आडवी. शेजारी एक मोठी बाई, सगळं लक्ष तुझ्यावर ठेवून बसलेली. प्रोजेक्ट कुठवर आला म्हणून विचारत नाही, बागेचं काय झालं ते सांगत नाही. गेल्या दोन महिन्यांत असा पाऊण तास तुला दुसरीकडं कुठं मिळाला होता का, हे तूच मला सांग.

टायट्रेशनला बसताना तू ब्लँक घेतेस ना? नमुना नसताना बाकी सगळं तेच ठेवून रीडिंग घ्यायचं आणि खऱ्या रीडिंगमधून ते वजा करायचं. रेकीचंही ब्लँक घेऊन झालेलं आहे. २०११ मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात केमोथेरपी घेणारे १८९ रुग्ण होते. त्यांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीची शुश्रूषा, दुसऱ्याला शिकलेल्या माणसाकडून रेकी आणि तिसऱ्याला रेकी न येणाऱ्या माणसाकडून नुसत्या तशाच हालचाली. नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा रेकीवाल्यांना जास्त आराम वाटला, आणि खोट्या रेकीवाल्यांनाही वाटला. आता वजाबाकी तू कर.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुझी मैत्रीण म्हणेल की आक्कानं सोयीचं तेवढंच निवडलं. त्याच सुमारास लंडनमध्ये विद्यापीठातल्या ४० विद्यार्थ्यांवर रेकीचा प्रयोग झाला. ज्यांना आधीपासून चिंता किंवा उदासी जास्त होती त्यांची मनःस्थिती रेकीनंतर सुधारलेली दिसली. पण चाळीस म्हणजे तुमच्या एका प्रॅक्टिकल बॅचच्या दुप्पट पोरं. तेवढ्यावर अकरा हजारांची पावती फाडावी असं मला वाटत नाही.

आणि 'हाताला तुमची ऊर्जा जाणवते' या दाव्याची तर एका लहान पोरीनं परीक्षा घेतली होती. अमेरिकेत थेरप्युटिक टच नावाचा प्रकार आहे, रेकीची मावसबहीणच म्हण. अंगाला न लावता वरून हात फिरवायचे. एमिली रोझा नावाच्या मुलीनं नवव्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी एक पुठ्ठ्याचा आडोसा केला. जाणकारांनी त्यातून पलीकडं दोन्ही हात ठेवायचे, हिनं नाणं उडवून त्यांच्या एका हातावर आपला हात धरायचा आणि कुठल्या हातापाशी ऊर्जा जाणवते ते त्यांनी ओळखायचं. एकवीस जण बसले. बरोबर उत्तरं आली ४४ टक्के. डोळे मिटून काहीही सांगितलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. १९९८ मध्ये ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलं गेलं. एवढ्या साध्या प्रयोगाचा मला आजही हेवा वाटतो.

त्या मॅडमचा पाऊण तास तुला आवडला असेल तर अधूनमधून जा. देवळात जाऊन बसतो तसं समज. मला राग येतो तो 'हृदयचक्र बंद आहे' या बोलण्याचा. झोप न झालेल्या, घाबरलेल्या पोरीला आधी सांगायचं की तुझ्या आत काहीतरी बंद पडलंय, आणि मग किल्ली विकायला काढायची. डिग्रीचं म्हणशील तर ती घेऊन तू दुसऱ्याला रेकी द्यायला मोकळी होतेस. तुला सध्या एकच डिग्री पुरे, ती सहा आठवड्यांवर आहे.

काशाच्या वाटीबद्दल मात्र मला तटस्थपणे लिहिता येणार नाही.

आमची आजी चैत्र-वैशाखात रात्री अंगणात चटईवर पाय पुढं घेऊन बसायला लावायची. तळपायाला साजूक तूप, आणि त्यावरून वाटीचा बुड. आधी गार लागायचं, मग दोन-चार मिनिटांत वाटी कोमट व्हायची. तो घासण्याचा एकसुरी आवाज, मधे बांगड्यांचा, आणि आजीचं कुणाच्या तरी लग्नाचं न संपणारं बोलणं. डावा पाय संपून उजवा सुरू झालेला मला क्वचितच आठवतो, तोवर झोपलेली असायचे. सकाळी ती काळवंडलेला पंचा दाखवायची, 'बघ किती उष्णता निघाली.' मॅट्रिकच्या वर्षीसुद्धा मी रोज रात्री ती उष्णता काढून घेतली.

मग एका दिवाळीत भांडी घासताना तीच वाटी तेलाच्या फडक्यानं पुसली. फडकं काळं झालं. फडक्याला कसली उष्णता? कासं म्हणजे तांबं आणि कथील. घासलं की धातूचे बारीक कण सुटतात, तेल आणि घामाशी त्यांची प्रक्रिया होते आणि काळपट लेप तयार होतो. पाय काळे होणं हे वाटीचं झिजणं आहे. प्रदर्शनातल्या मशीनचंही तेच, फक्त थाळी मोटारीवर फिरते आणि मोटार दमत नाही, त्यामुळं जास्त काळं होतं. तिथल्या एका विक्रेत्यानं मला सांगितलं, ताई, अकरा बैठकांत गुडघेदुखी जाते. सांगताना त्याच्या स्वतःच्या गुडघ्याला पट्टा होता. मी काही बोलले नाही, मला पाय घासून घ्यायचे होते.

म्हणजे उष्णतेची गोष्ट खोटी निघाली तरी झोप खरीच होती. वाग्भटानं अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात रोजच्या दिनचर्येत अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावणं, सांगितला आहे, डोकं, कान आणि पाय यांना तेल लावण्यावर खास भर दिला आहे आणि फायद्यांत झोपही मोजली आहे. त्याच ठिकाणी अजीर्ण झालेल्यानं तेल लावून घेऊ नये असंही आहे. जुन्या माणसांना आपल्या औषधाच्या मर्यादा ठाऊक होत्या.

रिफ्लेक्सॉलॉजीचं थोडक्यात आटपते. भिंतीवर तळपायाचा जो रंगीत तक्ता लावतात, अंगठ्यात मेंदू, टाचेच्या पुढं आतडी, तो आपल्या ऋषीमुनींचा नव्हे. विल्यम फिट्झगेराल्ड नावाच्या अमेरिकी कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीराचे उभे पट्टे पाडले आणि युनिस इंगहॅम या बाईंनी १९३० च्या दशकात ते तळपायावर आखून दाखवले. शरीरशास्त्रात तसा नकाशा सापडत नाही. पण तळपाय चोळून घेतलेले कुणाला आवडत नाहीत? ॲक्युप्रेशरबद्दलही असंच. मनगटाच्या आतल्या बाजूच्या एका बिंदूचा मळमळीला थोडाफार उपयोग अभ्यासांत दिसला आहे. बाकी बिंदू दाबून परीक्षेची भीती जाते असं मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही.

राहिली साधी मालिश. या सगळ्यांत तिच्याच बाजूनं माझं मत पडतं, आणि त्यासाठी आपल्याला लंडनला जायचं कारण नाही. आपला जिल्हा पैलवानांचा. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतून सुवर्णपदक आणणारे मारुती माने कवठेपिरानचे, म्हणजे सांगलीपासून हाकेच्या अंतरावरचे. कुठल्याही तालमीत संध्याकाळी डोकावून बघ. मेहनत झाली की पठ्ठे एकमेकांची मालिश करतात. एक पालथा पडलेला, दुसरा तेल घेऊन पोटऱ्या मळतोय, मग अदलाबदल. तिथं कुणी कुणाचं चक्र उघडत नाही, पैसे घेत नाही, आणि उद्या तुझी पाळी आहे हे दोघांना माहीत असतं. स्पर्शाच्या उपचाराची याहून शहाणी रचना मी पाहिलेली नाही. पोरींसाठी अशी जागा नाही, ही मात्र खंतच.

मालिशीच्या बाजूनं पुरावाही बरा आहे. २००४ मध्ये ३७ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. एका बैठकीनं त्या वेळची बेचैनी, रक्तदाब आणि नाडीचा वेग थोडा उतरतो, आणि बऱ्याच बैठका झाल्या तर एरवीची चिंता आणि उदासीही कमी होते, असं निघालं. मसाज सेंटरच्या पाटीवर 'कॉर्टिसॉल घटवा' असं लिहिलेलं असतं, कॉर्टिसॉल म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, त्यावर मात्र भाळू नकोस. २०११ मध्ये त्याचीही मोजदाद झाली आणि कॉर्टिसॉलमधली घट अगदी किरकोळ, बऱ्याचदा नसल्यासारखीच निघाली. चांगलं वाटतं हे खरं, पाटीवर लिहिलेलं कारण खरं नव्हे.

मग कारण काय? एक धागा मला फार आवडतो. केस असलेल्या त्वचेत, म्हणजे पाठीवर, दंडावर, हातावर, अशा काही बारीक नसा असतात की त्या हळुवार फिरणाऱ्या हातालाच उत्तम दाद देतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर अशा वेगाला. भरभर चोळलं की त्या गप्प. आई तापलेल्या लेकराच्या पाठीवरून ज्या वेगानं हात फिरवते, तो वेग हाच. तिला कुणी सेंटिमीटर शिकवलेले नसतात.

तर आता तुझ्या खोलीत तालीम सुरू करायची. रूममेटला विचार, तीही परीक्षेलाच बसलेली असणार. खुर्चीवर उलटं बसायचं, छाती खुर्चीच्या पाठीला टेकवायची, हात पुढं घेऊन त्यांवर कपाळ. कपडे अंगावर असू देत, तेलाचीही गरज नाही. मागचीनं दोन्ही हात नुसते खांद्यांवर ठेवून आधी चार-पाच श्वास थांबायचं. माझ्या विद्यार्थिनी हीच पायरी गाळायच्या, आणि नेमकी इथंच समोरच्याची मान सैल पडते. मग मान आणि खांदा यांच्यामधला जो जाड स्नायू आहे तो कणीक मळतो तसा तळहाताच्या उशीनं आणि अंगठ्यानं मळायचा. खांद्यामागच्या फळ्यांच्या कडेनं खाली यायचं, मणक्यावर मात्र दाबायचं नाही. शेवटी कवटीचा मागचा काठ, जिथं मान संपते, तिथं दोन बोटांनी बारीक गोल. 'जोर बरोबर आहे का' हे दर मिनिटाला विचारायचं, कारण दुसऱ्याचं दुखणं आपल्या बोटांना कळत नाही. शेवटची दोन मिनिटं पाठीवरून वरून खाली सावकाश हात. दहा मिनिटं झाली की जागा बदलायची. गळ्याच्या पुढच्या बाजूला बोट लावायचं नाही, तिथं मेंदूला जाणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत.

ती नसेल त्या दिवशी टेनिसचा चेंडू. भिंत आणि फळी यांच्यामध्ये धरायचा आणि गुडघे वाकवत वरखाली व्हायचं. दुखरी जागा सापडली की तिथं वीस सेकंद थांबायचं, श्वास सोडत. सुरुवातीला हसू येतं, येऊ दे.

रात्री दिवा घालवण्याआधी तळपायांना तिळाचं किंवा खोबरेल तेल, पाच मिनिटं एकेक पाय, आणि त्या दहा मिनिटांत मोबाइल दुसऱ्या टोकाला चार्जिंगला. नंतर पाय पुसून घे गं. तेलकट पायांनी फरशीवर घसरून मनगट मोडून घेतलेल्या दोघी माझ्याकडं आल्या होत्या. परीक्षेच्या तोंडावर उजवं मनगट फार महाग पडतं.

दोन गोष्टींपासून लांब राहा. सलूनमध्ये किंवा पार्लरमध्ये डोक्याची चंपी झाली की काही जण हनुवटी धरून मान कडाडकन मोडतात. त्या झटक्यानं मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या पदराला चीर पडू शकते, आणि त्यातून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत, तेही धडधाकट तरुण माणसांत. क्वचित घडतं, पण मान मोडून घेतल्यानं फायदा शून्य. आधीच सांगायचं, 'मान मोडायची नाही.' दुसरं, हात कुणाचा आहे ते बघ. बाई असावी, काय करणार ते आधी सांगणारी असावी, 'थांबा' म्हटल्यावर लगेच हात उचलणारी असावी. ऊर्जा अडली आहे म्हणून कपडे काढायला सांगणारा, डॉक्टरची गोळी बंद कर म्हणणारा, किंवा मैत्रिणीला बाहेर थांबवणारा कुणी भेटला तर उठून यायचं. पैसे भरलेले असले तरी. शिष्टाचार वगैरे नंतर बघू.

हातानं मान सुटते, प्रोजेक्ट सुटत नाही, हेही आहेच. आठवड्याभरात गाइडसमोर जाऊन बस आणि सांग, एवढं झालंय, एवढं राहिलंय, यातलं काय गाळता येईल. मास्तर मंडळी ओरडतात, पण शेवटच्या दिवशी आलेल्या पोरांवर जास्त ओरडतात. रोज संध्याकाळी आमराईत दोन चकरा मार, जमलं तर उजेड असताना. मेसमध्ये जेवण जात नसेल तर निदान वरणभात आणि एक केळं, आणि चारच्या चहाबरोबर मूठभर भडंग, शेंगदाणे जास्त घालून. नुसत्या चहावर नको.

वडिलांच्या 'थेरं' शब्दाचं मनावर घेऊ नकोस. बागेवर तेल्या आलेला माणूस फवारणीचा हिशेब करत असतो, त्याला चक्रं ऐकवली की तो दुसरं काय म्हणणार? त्यांना रेकीचं सांगूच नकोस. 'मला दोन महिने झोप नाही, डॉक्टरला दाखवायचंय' एवढंच सांग, ते केसपेपरला नाही म्हणणार नाहीत. आणि हे बोलणं फोनवर टाळ. समोर बसून बोल, आई जवळ असताना.

म्हणून या शनिवारी गावाकडं जा. अभ्यास बुडेल म्हणशील. रात्री अडीचपर्यंत छताकडं बघत तू जो अभ्यास करतेस, तो बुडाला तरी चालेल. आईच्या हातात डोकं दे. तिला सगळं नाही सांगता आलं तरी ते मधलं वाक्य सांग. तेल लावताना दोघींची तोंडं एकाच दिशेला असतात, अशा वेळी अवघड गोष्टी सोप्या जातात. रविवारी निघताना वाटी मागून घे. परतीच्या एसटीत खिडकीच्या दांडीला डोकं टेकवून झोपू नकोस, मान आणखी आखडेल. ओढणीची गुंडाळी करून मानेमागं ठेव.

घरात काशाची वाटी नसेल तर स्टीलची आण. पाय काळे होणार नाहीत, एवढंच.

तुझी,
आक्का